छंद चित्रकलेचा

मी काही नावाजलेला चित्रकार नाही. आयुष्यभर हिशेबनिसाची नोकरी केली आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. त्यामुळे या छंदात काय कमावलं आणि काय हुकलं, तेवढंच सांगतो.

माझे वडील नागपूरकडून इकडे आले ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीसाठी. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. आम्ही दुर्गला राहत होतो. रात्री भट्टीतला तप्त स्लॅग ओतला की भिलाईच्या बाजूचं आभाळ तांबडं होई. तेच माझं पहिलं चित्र. मी कागदभर लाल रंग फासला होता. बाबा पाळीवरून आले, चित्र पाहून म्हणाले, "आभाळ एवढं लाल नसतं रे. भोवती काळोख असतो, म्हणून ते लाल दिसतं." ज्यांनी कधी ब्रश हातात धरला नाही, त्यांनी मला चित्रकलेचा पहिला धडा दिला.

खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय जवळच होतं. पण घरची परिस्थिती पाहून मी वाणिज्य शाखा घेतली. पुढे नोकरी आणि संसार यांत रंगपेटी माळ्यावर गेली, ती अठरा वर्षं तिथेच राहिली. 'वेळ मिळत नाही' असं मी स्वतःला सांगत असे.

हे कारण किती लटकं आहे, ते सातारा जिल्ह्यातल्या औंधचं संग्रहालय पाहताना कळलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) राज्यकारभार सांभाळून स्वतः चित्रं काढत. त्यांच्या चित्रांचं 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झालं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे तेच हे राजे! दुसऱ्या महायुद्धातले सेनापती आयसेनहॉवर यांनी तर पन्नाशी उलटल्यावर ब्रश हाती घेतला. घरी परतल्यावर मी रंगपेटी खाली काढली. रंग दगडासारखे सुकले होते. नवे आणले आणि शिवनाथ नदीच्या काठी जाऊन बसलो.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द :

१. एक वही, एक पेन्सिल आणि रोज पंधरा मिनिटं एवढंच लागतं. कवायतीसारखाच हाही सराव आहे. खाडा झाला की हात जड होतो.

२. आधी नीट पाहा. पाण्याची बाटली 'माहीत आहे' म्हणून काढू नका. समोर ठेवून काढा.

३. जलरंगात फिक्याकडून गडदाकडे जा. पांढरा भाग म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो आधीच राखून ठेवा. पाण्याची दोन भांडी ठेवा : एक ब्रश धुवायला, दुसरं स्वच्छ पाण्यासाठी.

४. रंग थोडेच घ्या. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की सुंदर करडा रंग मिळतो. पावसाळी ढग आणि चिमणीचा धूर मी त्यातूनच रंगवतो.

५. बिघडलेलं चित्र फाडू नका. मागे तारीख घालून ठेवा. आपण किती पुढे आलो, हे तेच सांगतं.

आता हुकलेली गोष्ट. बाबांचं चित्र काढायचं राहून गेलं. रोज समोर बसायचे, म्हणून 'काढू कधीतरी' म्हणत राहिलो. ते गेल्यावर ओळखपत्रावरचा कृष्णधवल फोटो समोर ठेवून चित्र काढलं. नाक, डोळे जमले. पण वर्षानुवर्षं भट्टीच्या धगीपुढे उभं राहून त्यांच्या चेहऱ्यावर जो रंग चढला होता, तो त्या फोटोत नव्हता आणि मला आठवत नव्हता. ते चित्र अजून अपुरंच आहे.

तुम्ही वसतिगृहात राहता. या सुट्टीत घरी गेलात की वही सोबत न्या. आई भाजी निवडत असेल, आजोबा पेपर वाचत असतील, तेव्हा समोर बसा आणि काढा. साम्य नाही जमलं तरी चालेल. खाली तारीख घालायला मात्र विसरू नका.