रायफलीतील अडथळा : एम-१६ चे उदाहरण

स्वयंचलित भरणाच्या रायफलीत गोळीमागील वायूचा काही अंश बोल्टास मागे रेटतो. बोल्ट रिकामे काडतूस ओढून बाहेर फेकतो व परतताना नवे भरतो. या क्रियेस दाब व वेळ यांचा मेळ आवश्यक असतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याच्या एम-१६ रायफलीत हा मेळ बिघडला. तिची रचना दंडाकृती कणांच्या दारूस अनुसरून झाली होती. १९६४ मध्ये गोलकणी दारूस मान्यता मिळाली. त्यामुळे वायुछिद्रापाशी दाब वाढला, बोल्टची गती वाढली आणि काडतूस कोठीच्या भिंतीस घट्ट चिकटलेले असतानाच ओढले जाऊ लागले. ओढणारा आकडा काठावरून निसटे व काडतूस आतच राही. क्रोमचा मुलामा नसलेली कोठी दमट हवेत गंजे. तिने अडचणीत भर घातली. अडकलेले काडतूस नळीच्या तोंडातून गज घालून ढकलावे लागे, पण सफाईचे गजच अपुरे होते. ऐन चकमकीत कित्येक सैनिक यापायी प्राणास मुकले. १९६७ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने चौकशी केली. बोल्टची गती आवरणारा नवा बफर, क्रोमयुक्त कोठी आणि नियमित सफाई या उपायांनी दोष बराच आटोक्यात आला. दोष दिसला काडतुसात, त्याचे मूळ मात्र दारूच्या निवडीत होते. म्हणून यंत्रातील एक घटक बदलताना संपूर्ण क्रिया पुन्हा तपासणे अगत्याचे ठरते.