पँडोराची इवलीशी पेटी

होस्टा ही जपान, कोरिया व चीनमधील, सावलीत वाढणारी, शतावरीच्या कुळातील वनस्पती. तिचे नाव मात्र एका वैद्यावरून पडले आहे. निकोलाउस होस्ट हे ऑस्ट्रियाच्या सम्राटांचे वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या गौरवार्थ ट्राटिनिक यांनी १८१२ मध्ये हे नाव दिले.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉबर्ट सॅव्हरी यांनी १९८२ मध्ये ‘बेबी बंटिंग’ नावाचा एक ठेंगणा होस्टा नोंदवला. इंग्रजी अंगाईतल्या बाळाचे हे नाव आम्हा बालरोगतज्ज्ञांना आवडावे असेच आहे. या वाणापासून ऊतिसंवर्धनातून एक वेगळेच रोप निपजले. पानाच्या मधोमध शुभ्र रंग, कडेला निळसर हिरवी किनार आणि उंची जेमतेम १० सेंटिमीटर! हान्स हान्सन यांनी १९९६ मध्ये त्याची ‘पँडोराज बॉक्स’ या नावाने नोंद केली.

या रोपाच्या वाढत्या कोंबात पेशींचे थर असतात. काही थरांत हरितद्रव्य तयार होते, काहींत होत नाही. वनस्पतिशास्त्र याला ‘कायमेरा’ म्हणते. मूळ पेशी एकच असल्याने आपल्या परिभाषेत हा ‘मोझाइसिझम’च ठरेल. म्हणूनच बियांतून हा वाण मिळत नाही. गड्डा विभागून किंवा ऊतिसंवर्धनानेच तो वाढवावा लागतो.

पानाचा पांढरा भाग अन्न तयार करीत नाही. साहजिकच वाढ संथ होते, मुळांशी पाणी साचलेले सोसत नाही. त्यातच एखादा संपूर्ण हिरवा कोंब फुटतो आणि तो अधिक अन्न मिळवून झपाट्याने फोफावतो. माळ्याने तो वेळीच मुळासकट काढला नाही, तर हिरवी पाने शुभ्र पानांना झाकून टाकतात आणि वाण हातचा जातो. हिवाळ्यात पाने झडून थंडीत विश्रांती घेणे ही त्याची आणखी एक गरज. त्यामुळे आपल्या उष्ण प्रदेशात तो रुजणे कठीण.

येथे बागेचा न्याय आमच्या व्यवसायाहून वेगळा पडतो. शोभेसाठी माळी सशक्त कोंब खुडतो आणि दुबळा राखतो. दवाखान्यात आम्ही शोभा पाहत नाही. बाळाचे बळ पाहतो. तरीही एक गोष्ट या रोपाकडून घेण्याजोगी आहे. हिरव्या कोंबाच्या वेगाने त्याची वाढ मोजली, तर ते सदैव मागेच दिसेल. मोजपट्टी त्याच्याच मागील वर्षाची हवी. शेजारच्या मुलाचे वजन सांगत येणाऱ्या मातापित्यांना आम्ही तरी निराळे काय सांगतो?