माळ्यावरचे सरपण

डोंबिवलीजवळचे कोपर स्थानक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. खाली मध्य रेल्वेचे रूळ आणि वरून जाणारा दिवा-वसई मार्ग! आज येथील बहुतेक घरांत गॅस आहे. पण एखाद्या वृद्ध आजीबाईंना विचारा, "आजी, पावसाळ्यात चूल कशी पेटवायचात?" त्या सांगतील, "मिरगाआधीच सरपण वाळवून माळ्यावर टाकायचे. ओले लाकूड नुसते धुमसते."

या साध्या बोलण्यात केवढे विज्ञान आहे, पाहा. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे १ किलो लाकूड जाळले, तर त्यातील अर्धा किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता लागते. उरलेले अर्धा किलो कोरडे लाकूड साधारण २२५० किलोकॅलरी देते. म्हणजे सुमारे सातवा हिस्सा पाणी घालवण्यातच गेला! शिवाय ज्योत थंड पडते, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि डोळ्यांना व फुप्फुसांना घातक असा धूर होतो.

जुन्या चुलीला वैल असे. चुलीतील तप्त वायू वैलाकडे जात आणि तेथे आमटी आपोआप शिजत राही. वाया जाणारी उष्णता वापरण्याची ही युक्तीच ना? दोन भांड्यांच्या सुधारित चुलीतही हेच तत्त्व आहे. धूर बाहेर नेण्यास तिला धुराडे जोडतात.

भारत सरकारने १९८० नंतरच्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. पण त्यांतील कित्येक लवकरच वापरातून गेल्या. का बरे? प्रयोगशाळेत चूल जोखताना बारीक, कोरडी लाकडे वापरतात. घरात मात्र मिळेल ते जाड लाकूड पुढे सरकवत जाळावे लागते. आपली भाकरी तर तव्यावरून उतरवून निखाऱ्यांवर फुगवायची असते. चुलीचे तोंड अरुंद असेल, तर निखारे पुढे ओढणार कसे? मग घरची बाई ते तोंड मोठे करी आणि आत जाणाऱ्या हवेचे प्रमाण बिघडे. चूक तिची नव्हती. चूल आखण्याआधी तिला विचारायचेच राहून गेले होते!

झाडे जितकी वाढतात तितकेच सरपण काढले, तर लाकूड हे न संपणारे इंधन आहे. त्यासाठी ते काटकसरीने जाळायला हवे, आणि ती काटकसर चुलीपाशी बसणाऱ्या माणसालाच अधिक ठाऊक असते.

आता एक प्रयोग करा. वाऱ्याने पडलेली ओली फांदी आणा, तिचे वजन करा आणि ती उन्हात ठेवा. दर आठवड्याला वजन वहीत लिहा. वजन घटायचे थांबले, की सरपण तयार झाले! किती पाणी गेले, ते शेकड्यात काढा आणि तुमचे उत्तर आजींना दाखवा. त्या म्हणतील, "हे तर आम्हांला हातात घेऊनच कळायचे!"