बटणापासून बटणापर्यंत

अडीच वर्षांचं मूल शर्टाचं बटण लावत असतं तेव्हा आपण कधी नीट बघितलंय? जीभ ओठाबाहेर आलेली, हनुवटी छातीला टेकलेली आणि दुसरं बटण तिसऱ्या काजात घुसवायची खटपट चाललेली. खाली रिक्षावाले काका हॉर्न देत असतात. आपण हात पुढे केला की "मी! मी!" असा आरडाओरडा होतो. शेवटी आपण त्याचे हात बाजूला करतो, फटाफट बटणं लावतो आणि त्याला कडेवर टाकून जिना उतरतो.

रिक्षा मिळाली, पण एक मोठं काम अर्ध्यावर राहिलं, असं एरिक एरिक्सन म्हणाले असते. डी.एड., बी.एड. झालेल्यांना हे नाव चांगलंच माहीत असतं. आठ अवस्थांचा तक्ता, शेजारी वयं, परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. मीही तो घोकूनच पास झाले. पण तो तक्ता खरा कळला तो पुढे वर्गात मुलं आणि घरात म्हातारी माणसं बघताना. तोच आता आपण पायरीपायरीने पाहू. मानसशास्त्राची ओळख नसली तरी काही अडणार नाही.

आधी माणूस. एरिक्सन 1902 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टला जन्मले. आई डॅनिश ज्यू होती. जन्मदाता कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. वाढवलं ते सावत्र वडिलांनी. ते मुलांचे डॉक्टर होते. मुलगा उंच, निळ्या डोळ्यांचा. त्यामुळे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात तो परका ठरायचा आणि शाळेत ज्यू म्हणून चिडवला जायचा. तारुण्याची काही वर्षं त्यांनी चित्रं काढत भटकण्यात घालवली. विद्यापीठाची पदवी घेतलीच नाही. 1927 मध्ये व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेले, तिथे अ‍ॅना फ्रॉइड यांच्याकडे मनोविश्लेषण शिकले, 1933 मध्ये अमेरिकेला गेले. 'एरिक्सन' हे आडनावसुद्धा त्यांनी तिथलं नागरिकत्व घेताना स्वतःच निवडलं. 'मी कोण' या प्रश्नाला मानसशास्त्रात मोठी जागा मिळाली ती अशा माणसामुळे. 1950 च्या 'चाइल्डहूड अँड सोसायटी' या पुस्तकात आठ अवस्था आल्या. त्या घडवण्यात पत्नी जोन यांचाही हात होता.

या सिद्धांताला मनोसामाजिक म्हणतात. साध्या भाषेत, मनाची वाढ भोवतालच्या माणसांच्या वागण्यात विणलेली असते. अ‍ॅना यांचे वडील सिग्मंड फ्रॉइड यांचा भर शरीराच्या प्रेरणांवर होता. एरिक्सन यांनी त्या प्रेरणांना घरचे, शाळेतले, समाजातले लोक कसा प्रतिसाद देतात तेही पाहिलं.

आणखी एक शब्द समजून घेऊ: पेचप्रसंग. प्रत्येक अवस्थेत एक पेच येतो. हे संकट नव्हे, रस्त्याला आलेला फाटा समजा. गर्भात जसे अवयव ठरलेल्या क्रमाने आकार घेतात, तसा एकेक पेच आपल्या वेळेला पुढे येतो. बाकीचे तेव्हा नसतात असं नाही, फक्त मागे असतात. वयाचे आकडे सैल धरायचे. रेल्वेचं वेळापत्रक समजून वाचलं की पहिली चूक तिथेच होते.

पहिली अवस्था साधारण दीड वर्षापर्यंतची: विश्वास की अविश्वास. बाळ रडतं, कोणीतरी येतं. भूक लागते, दूध मिळतं. हे पुन्हा पुन्हा घडलं की त्याला जगाचा भरवसा वाटू लागतो. आई नजरेआड झाली तरी बाळ फार कासावीस होत नाही, ही एरिक्सन यांच्या मते त्याची पहिली सामाजिक कमाई.

इथे दोन गैरसमज फार दिसतात. नोकरी करणाऱ्या आयांना वाटतं, चोवीस तास जवळ नसलो म्हणजे सगळं बिघडलं. पण भरवसा तासांवर किंवा दुधाच्या मापावर ठरत नाही, नात्याच्या गुणावर ठरतो. आजी किंवा पाळणाघरातल्या मावशी रोज त्याच मायेने उचलून घेत असतील तर भरवसा तिथेही बसतो. दुसरा गैरसमज असा की अविश्वास शून्य हवा. तसं नाही. अनोळखी कुत्र्यापुढे हात करू नये, हे कळायला थोडा अविश्वास लागतोच. पारडं विश्वासाकडे झुकलेलं असलं की पुरे. हाच हिशेब पुढच्या सगळ्या पायऱ्यांना लागू आहे आणि तक्ता घोकताना नेमका हाच सुटतो.

दुसरी अवस्था तीन वर्षांपर्यंतची, म्हणजे आपल्या बटणाची. पेच आहे स्वायत्तता की लाज आणि शंका. स्वायत्तता म्हणजे 'माझं मी करीन'. मूल चालायला लागलेलं असतं, शी-शू धरून ठेवायला शिकत असतं, 'नाही' हा शब्द त्याला नुकता सापडलेला असतो. आपल्याला तो हट्ट वाटतो.

आपलं बिघडतं ते बहुतेक वेळा लाजेपाशी. चड्डी ओली झाली की आपण म्हणतो, "शीऽऽ, बघ सगळे हसतायत तुला!" हसण्यावारी नेतो आपण ते. पण एरिक्सन लाजेबद्दल सांगतात ते मला फार पटलं: आपण दिसायला तयार नसताना सगळ्यांनी आपल्याकडे बघावं, ती लाज. मुलाची जागा घेऊन बघा. उलट बाजूचीही चूक असते. झेपणार नाही एवढी मोकळीक दिली की मूल फसतं आणि स्वतःवरच शंका घ्यायला लागतं. म्हणून सगळा शर्ट त्याच्यावर सोडू नका. खालचं एक मोठं बटण त्याचं, बाकीची आपली. आणि कपडे दहा मिनिटं आधी चढवायला घ्या.

तीन ते सहा वर्षांत पुढाकार की अपराधभाव हा पेच येतो. भातुकली, चोरपोलीस, दिवसभर 'का?' आणि 'कसं?'. रिमोट उघडून सेल कुठे असतात ते पाहिलं जातं. रिमोट बिघडला म्हणून समज द्यावी, पण उत्सुकतेलाच पाप ठरवू नये. एवढं जपलं की इथे फारसं अडत नाही.

सहा ते बारा, उद्यमशीलता की न्यूनगंड. उद्यमशीलता म्हणजे काम हाती घेऊन तडीस नेण्याची आवड. प्रत्येक समाज या वयात मुलांच्या हाती आपापली अवजारं देतो. कुठे जाळं, कुठे नांगर. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती पाटी-पेन्सिल येते. 'मला जमतं' हा भाव इथे रुजतो, नाहीतर 'मी ढ आहे' हा.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. गुणाकार आला की ती बाकाखाली रबर शोधायला वाकायची, तास संपेपर्यंत. एकदा वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरं घालायची होती. तिने खाकी कागद मधोमध दुमडला, नखाने घडी दाबली, कोपरे आत घेतले. एकही सुरकुती नाही. त्या आठवड्यात अर्ध्या वर्गाने तिच्याकडून कव्हरं घालून घेतली. गुणाकार तिला लगेच आला नाही. पण रबर शोधणं थांबलं.

या वयात आपण फक्त टक्के बघतो, शेजारच्याच्या टक्क्यांशी ताडून. ज्याला कमी पडतात त्याचं नुकसान उघड दिसतं. ज्याला भरपूर पडतात त्याच्याबद्दलही एरिक्सन यांना काळजी होती, आणि ती आपल्याकडे कोणी करत नाही. काम हीच आपली सगळी किंमत, असं ज्याच्या मनात बसलं, तो पुढे कामाचा गुलाम होतो. विचार न करता राबत राहतो.

मग पौगंडावस्था: ओळख की भूमिकांचा गोंधळ. सगळ्यांत गाजलेली पायरी हीच. शरीर बदलतं, आवाज बदलतो, आणि 'मी कोण, पुढे काय होणार' हे प्रश्न एकदम अंगावर येतात. मुलगा आज गिटार शिकायचं म्हणतो, उद्या यूपीएससी, परवा काहीच नाही. घरचे म्हणतात, बिघडला.

एरिक्सन यांनी इथे मोरेटोरियम हा शब्द वापरला. तो आपल्याला 2020 च्या टाळेबंदीत ओळखीचा झाला, बँकांनी कर्जाच्या हप्त्यांना काही महिने मुदत दिली तेव्हा. कर्ज माफ होत नाही, फक्त तगादा थांबतो. तरुण मुलाला तशी मुदत हवी असते, वेगवेगळ्या भूमिका घालून बघण्यासाठी. खुद्द एरिक्सन यांनी पंचविशीपर्यंत ती घेतली.

पुढे मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी 1966 मध्ये ओळखीच्या या शोधात चार स्थिती सांगितल्या. काहींनी शोधही घेतलेला नसतो आणि काही ठरवलेलंही नसतं. काही शोधात असतात. काहींनी शोधून ठरवलेलं असतं. आणि चौथे, शोध न घेताच ठरवून मोकळे झालेले. दहावीला चांगले टक्के पडले, बाबा म्हणाले सायन्स घे, घेतलं. या चौथ्या स्थितीतलं मूल घरात सगळ्यांत शहाणं दिसतं, म्हणून तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. अशा मुलाने तिशीत अचानक नोकरी सोडली की मग आपल्याला आश्चर्य वाटतं.

विशीनंतर जवळीक की एकटेपण. लग्न झालं की ही पायरी सर झाली असं आपण धरून चालतो. एरिक्सन तसं धरत नाहीत. एकाच पलंगावर दोन एकटी माणसं असू शकतात. त्यांच्या मते आधी ओळख पक्की होते, मग जवळीक साधते. हा क्रम पुरुषांकडे बघून मांडला आहे, बायकांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून येतात, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी 1982 मध्ये घेतला. मला तो रास्त वाटतो. आपल्याकडे किती बायकांना 'मी कोण' हे विचारायची सवड लग्नाआधी मिळते?

सातवी पायरी मधल्या वयाची. पुढच्या पिढीसाठी काही घडवणं की साचून जाणं. जोन एक गंमत सांगत. सुरुवातीला आराखड्यात सातच अवस्था होत्या. व्याख्यानाला निघताना गाडीत त्यांच्या लक्षात आलं की ज्या वयात आपण दोघं आहोत, तेच राहून गेलंय!

मुलं झाली म्हणजे हे आपोआप साधतं, असं नाही. शिष्य घडवणारा गवंडी, झाडं लावणारी बिनलग्नाची आत्या, सगळे यात येतात. आणि मोठ्यांनाही आपली गरज कोणाला तरी असावी लागते, हे एरिक्सन यांनी ठासून सांगितलं. ते 1962 मध्ये अहमदाबादला आले, आणि 1918 च्या तिथल्या गिरणी संपात अठ्ठेचाळिशीतले, म्हणजे याच पायरीवरचे गांधीजी कसे वागले याचा शोध घेत बसले. त्यातून 1969 मध्ये 'गांधीज् ट्रूथ' हे पुस्तक झालं, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. अहमदाबादेतच भेटलेले सुधीर कक्कर त्यांचे सहकारी झाले. कक्कर यांनी पुढे आपले चार आश्रम या आठ अवस्थांशेजारी ठेवून पाहिले. आश्रमांमध्ये ब्रह्मचर्याच्या आधीच्या बाळपणाला वेगळी पायरीच नाही, हे तेव्हा ठळक होतं.

आता तक्ता आडवा धरा. एका घरात एकाच वेळी तीन-चार अवस्था नांदत असतात आणि दातेरी चाकांसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. ही उपमा एरिक्सन यांचीच. बाळाला भरवसा हवा असतो तेव्हाच आईबापांना जपायला कोणी हवं असतं. एक चाक अडलं की दुसरंही कुरकुरतं. म्हणून मुलाचा हट्ट वाढला की मी आधी विचारते, घरात मोठ्यांचं काय चाललंय?

पासष्टीनंतर आठवा पेच: कृतार्थता की विषाद. मागे वळून बघताना 'हेच माझं आयुष्य, चुकांसकट माझंच' असं म्हणता येणं ही कृतार्थता. 'आता पुन्हा सुरुवात करायला वेळ नाही' ही हुरहूर म्हणजे विषाद. थोडा विषाद प्रत्येकाला असतोच. आजोबा तीच जुनी गोष्ट पाचव्यांदा सांगतात तेव्हा त्यांचा हिशेब जुळवणं चाललेलं असू शकतं. आपण म्हणतो, "सांगितलंत हो हे." त्याऐवजी एखादा प्रश्न विचारून बघा.

एरिक्सन 1994 मध्ये गेले. त्यानंतर नव्वदी ओलांडलेल्या जोन यांनी नववी अवस्था लिहिली. ती 1997 च्या पुस्तकात आली आणि त्याच वर्षी त्याही गेल्या. त्यांचं म्हणणं असं की ऐंशी-नव्वदीत जुने सगळे पेच परत येतात आणि आता उणी बाजू पुढे असते. पायांचा भरवसा वाटत नाही. स्वतःच्या हातांवर शंका येते. डाळ अंगावर सांडली की लाज वाटते.

घरात आजी असतील आणि ब्लाउजचा हूक त्यांना सापडत नसेल, तर लगेच हात पुढे करू नका. वरचा त्यांना लावू द्या, बाकीचे आपण लावा. घाई असली तर गॅलरीतून रिक्षावाल्या काकांना हात करा. ते थांबतात.