हिरव्या टेबलाचा टँगो

निपाणीहून एसटीनं बेळगाव गाठायचं आणि कथकच्या तालमीत पेटीवर लेहरा धरायचा, हे मी कित्येक वर्षं केलं. लेहरा म्हणजे एकच सुरावट, आवर्तनामागून आवर्तन. नाचणारी चुकली तरी पेटीवाल्यानं हलायचं नाही. बेळगाव म्हणजे पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव, पेटीला मान देणारं; तरी तालमीतली पेटी प्रेक्षकांपर्यंत कधी पोचत नाही. म्हणून नाचासाठी संगीत रचणारा फ्रिट्झ कोहेन मला फार जवळचा वाटतो.

कुर्ट योस या जर्मन नृत्यकाराचा ‘द ग्रीन टेबल’ हा युद्धाविरुद्धचा बॅले. ३ जुलै १९३२ रोजी पॅरिसच्या स्पर्धेत तो पहिला आला. ऑर्केस्ट्रा नाही, फक्त दोन पियानो. कोहेननं संगीत आधी लिहून हातात दिलं नव्हतं. पावलं आणि सूर एकमेकांच्या सोबतीनंच घडत गेले.

पडदा उघडतो तेव्हा हिरव्या टेबलाभोवती काळ्या कोटातले दहा मुखवटे वाटाघाटी करत असतात. इथं दुसऱ्या कुणी नगारे वाजवले असते. कोहेननं टँगो वाजवला! वाकून नमस्कार, बोट रोखणं, पुन्हा अदब, सगळं त्या डौलदार ठेक्यावर. मग पिस्तुलं झडतात, अंधार होतो आणि मृत्यू उभा राहतो. ही भूमिका योस स्वतः करायचा. मधले सहा प्रवेश निरोपाचे, लढाईचे, निर्वासितांचे. शेवटी पुन्हा तेच टेबल, तोच टँगो. आमच्या लेहऱ्यात सम आली की घरी आल्यासारखं वाटतं. इथं ती आली की अंगावर काटा येतो.

१९३३ मध्ये नाझींनी योसला सांगितलं, ज्यू कलाकारांना काढा. त्यांत कोहेनही होता. योसनं नकार दिला आणि मंडळी घेऊन देश सोडला. पुढं इंग्लंडमधल्या डार्टिंग्टनला त्यांना आसरा मिळाला. विष्णुदास शिराळींच्या संगीतावर नाचणारे उदय शंकरही त्याच काळात तिथं जात.

सीमाभागात टेबलाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, २००४ मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. बैठकीची बातमी लागली की आमच्या घरात अजूनही टीव्हीचा आवाज वाढतो.

एकदा तालीम संपल्यावर मी तो टँगो पेटीवर धरून पाहिला. सूर जमले, पण मृत्यूची जड पावलं येईनात. डावा हात भात्यात गुंतलेला. तबल्यावरच्या पोराला म्हटलं, “बाळा, नुसता डग्गा दे. सावकाश.” त्यानं दिला. घुंगरू सोडणाऱ्या मुलींचे हात जागच्या जागी थांबले.