मी स्पॅनिश वाचूं लागलें

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा नोकरीनिमित्त मेक्सिको देशांत गेला आणि तेथेंच त्यानें संसार थाटला, ही गोष्ट आमच्या घरानें केव्हांच पचविली होती. सूनबाई मनमिळाऊ आहेत. मोडक्या मराठींत आणि बऱ्यापैकीं इंग्रजींत त्यांचें सर्वांशीं जमतें. अडचण उभी राहिली ती त्यांच्या मुलीमुळें. सहा वर्षांची ती पोर प्रथम पुण्यास आली तेव्हां तिला स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती, आणि नव्वदी ओलांडलेल्या आमच्या सासूबाईंस मराठीखेरीज कोणतीच येत नाहीं. पणजी आणि पणती रोज दुपारीं ओसरीवर शेजारीं शेजारीं बसत, एकमेकींकडे पाहून हंसत. पण तीन आठवड्यांत दोघींत एक वाक्यहि झालें नाहीं. मंडळी परत गेलीं त्या संध्याकाळीं सासूबाई मला म्हणाल्या, "पोर सारखी कांहींतरी सांगत होती गं. घरांत एवढीं शिकलेलीं माणसं, कुणीतरी समजून घ्यायला हवं होतं."

तो बाण माझ्यासाठींच होता. तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेली घरांत मीच. तेव्हां मी कंबर बांधली, आणि जी रीत ठाऊक होती त्या रीतीनें स्पॅनिशच्या मागें लागलें. व्याकरणाचें पुस्तक आणविलें, वही घातली, आणि 'रामः रामौ रामाः' च्या चालीवर क्रियापदांचीं रूपें घोकूं लागलें. प्रत्येक काळीं सहा रूपें, शिवाय अनियमित क्रियापदांचा स्वतंत्र गोतावळा. 'असणें' या एका अर्थास दोन धातु: एक मूळ स्वभाव सांगणारा, दुसरा स्थिति व ठिकाण सांगणारा. वर्ष संपलें तेव्हां माझ्या तीन वह्या भरल्या होत्या. परंतु दूरध्वनीवर पोरीचा आवाज आला, कीं दोहोंपैकीं कोणता धातु योजावा हें माझें ठरेपर्यंत ती खेळावयास पळालेली असे. त्यांतहि सूनबाईंनीं हळूच सांगितलें, कीं सहा रूपांपैकीं 'तुम्ही' साठीं जें मीं इतक्या निष्ठेनें पाठ केलें, तें स्पेनमध्यें चालतें. मेक्सिकोंत तें कोणी बोलत नाहीं.

त्या दिवशीं मला स्वतःपेक्षां माझ्या विद्यार्थिनींची अधिक आठवण झाली. संस्कृतांत शंभरांपैकीं पंचाण्णव गुण मिळविणाऱ्या किती मुली माझ्या हाताखालून गेल्या! त्यांपैकीं परीक्षा झाल्यावर एखादें संस्कृत पुस्तक केवळ आवडीनें उघडलेली एकहि मला आठवेना. आणि गंमत अशी, कीं याचें उत्तर मी दरवर्षीं वर्गांत शिकवीत होतें. पंचतंत्राच्या कथामुखांत अमरशक्ति राजाच्या तीन मठ्ठ पुत्रांचा प्रश्न निघतो, तेव्हां दरबारीं सांगण्यांत येतें कीं नुसत्या व्याकरणासच बारा वर्षें लागतात. विष्णुशर्मा ती वाट सोडून देतो आणि सहा महिन्यांची मुदत घेऊन राजपुत्रांस गोष्टी सांगावयास बसतो. मीं मात्र त्या उताऱ्यांतील समास सोडविण्यांत तीस वर्षें घालविलीं.

या वाटेनें परभाषा शिकलेलीं माणसें पुष्कळ आहेत. ट्रॉयच्या उत्खननामुळें प्रसिद्धीस आलेला जर्मन व्यापारी हाइन्रिख श्लीमान (१८२२–१८९०) यानें इंग्रजीसाठीं दोन कादंबऱ्या मुखोद्गत केल्या, आणि पुढें स्पॅनिश आपणांस सहा आठवड्यांत आली असें लिहून ठेविलें. गृहस्थास फुशारकीची खोड होती, तेव्हां सहा आठवडे आपण सोडून देऊं. मला अधिक जवळची वाटते ती हंगेरीची दुभाषी काटो लोम्ब (१९०९–२००३). दुसऱ्या महायुद्धांत, बॉम्बच्या भयानें तळघरांत बसावें लागे त्या दिवसांत, रशियन वाचतांना कोणाच्या नजरेस येऊं नये म्हणून तिनें गोगोलच्या कादंबरीचीं पानें एका जाडजूड हंगेरियन कोशांत बांधून घेतलीं आणि तो ग्रंथ मांडीवर घेऊन ती रशियन शिकली. स्पॅनिशसाठीं तिनें एका हलक्याफुलक्या अमेरिकन कादंबरीचें भाषांतर घेतलें. व्याकरण उघडलें तें पुस्तक संपल्यावर, स्वतः ताडलेले नियम पडताळून पाहण्यापुरतें.

माझा आरंभ मात्र चुकला. हुआन रामोन हिमेनेस यांचें 'प्लातेरो य यो' हें १९१४ सालीं निघालेलें पुस्तक मीं निवडलें, कारण तें लहान, आणि विषय एक गाढव! शिवाय या कवीच्या पत्नी सेनोबिया काम्प्रुबी यांनीं रवींद्रनाथांचीं पुस्तकें स्पॅनिशमध्यें नेलीं, त्यामुळें मनांत आपलेपणा होता. पण तें कवीचें गद्य. फुलें, पांखरें, संध्याकाळचे रंग यांचे असे शब्द, कीं दर ओळीस कोश उघडावा लागे; आठ दिवसांत चार पानें. लहान पुस्तक म्हणजे सोपें पुस्तक नव्हे, एवढें ज्ञान मात्र झालें.

मग सूनबाईंनीं आपल्या आवडीची कादंबरी धाडली: लाउरा एस्किवेल यांची, १९८९ सालची 'कोमो आग्वा पारा चोकोलाते'. बारा महिन्यांचीं बारा प्रकरणें, प्रत्येकाच्या आरंभीं एक पाककृति. (आमच्या स्वयंपाकघरांत त्यांतील थोड्याच चालतील, लावे आणि टर्की कोंबडी आमच्याकडे कोण शिजविणार?) कथा एका मोठ्या घराची. धाकट्या मुलीनें लग्न न करतां आईची मरेपर्यंत सेवा करावी असा त्या कुळाचा दंडक, आणि तिचा प्रियकर तिच्या जवळ राहतां यावें म्हणून तिच्याच बहिणीशीं लग्न करतो! पहिल्या रात्रीं कोश घेऊन बसलें. तिसऱ्या रात्रीं कोश दुसऱ्या खोलींत राहिला होता आणि उठून तो आणण्याइतका धीर मला नव्हता. त्या मुलीचें पुढें काय होतें हें आधीं कळावयास हवें होतें. माझ्या मतें स्पॅनिश येऊं लागली ती त्या रात्रीं.

एक उदाहरण देतें. नायिका गुडघे टेकून 'मेताते' वर बदाम आणि तीळ वाटीत आहे. तो शब्द मीं कोशांत पाहिला नाहीं. पाहण्याची गरजच नव्हती. दगड, वांकलेली पाठ, हातांची मागेंपुढें होणारी चाल... हा तर आपला पाटावरवंटा! तसाच 'कोमाल', म्हणजे पोळ्या भाजण्याचा तवा. हे शब्द मी आतां जन्मांत विसरणार नाहीं. उलट वहींतील घोकलेल्या यादींपैकीं निम्म्या केव्हांच उडाल्या.

मराठी माणसास या भाषेंत कांहीं सोयी आयत्याच मिळतात. 'मला आंबा आवडतो' या वाक्यांत आंबा कर्ता आणि मी चतुर्थींत. स्पॅनिश नेमकें असेंच म्हणते, 'मे गुस्ता एल मांगो'. आपण 'घर पाहतों' पण 'भावाला पाहतों'. तेथेंहि घर प्रत्ययावांचून आणि भावापूर्वीं 'आ' हें अव्यय. इंग्रजीच्या मार्गानें जाणाऱ्यास हे नियम शिकावे लागतात. मराठींतून जाणारास ते नुसते ओळखावे लागतात. कोंकण किनाऱ्यानें पोर्तुगीजांकडून घेतलेले शब्दहि मधूनच भेटतात, कारण पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण: 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणें, तो आपला पगार, 'बिसाग्रा' म्हणजे बिजागरी, 'पान' म्हणजे पाव.

कोश किती पाहावा, याविषयीं मतें निरनिराळीं आहेत. पॉल नेशन यांनीं सहकाऱ्यासह २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, विनासायास अर्थ लागण्यास शंभरांत सुमारें अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावेत, असें आढळलें. हिशेब योग्य असेल. पण त्याची वाट पाहिली असती तर मी अजून पाठ्यपुस्तकांतच असतें. कथा मनापासून ओढीत असेल तर शंभरांत दहा शब्द अडले तरी निभतें, असा माझा अनुभव. तोच शब्द तिसऱ्यांदा आडवा आला, तरच मी कोश उघडतें. आणि पुस्तक कंटाळवाणें निघालें तर मिटून ठेवतें. लहानपणापासून 'हातीं घेतलेलें तडीस न्यावें' हें ऐकलेल्या मला ही संवय लावून घेणें क्रियापदांपेक्षां कठीण गेलें.

कानास मात्र पुस्तक शिकवीत नाहीं. दोन वर्षांनीं मंडळी पुन्हां आलीं तेव्हां मीं नातीस मोठ्या ऐटीनें 'हिजा' म्हणून हांक मारली. तिनें मागें वळून पाहिलें आणि ती हंसत सुटली. मुलीस ते लोक 'इखा' म्हणतात. लिहिलेला पहिला हकार तेथें मुका असतो! पुढील तीन दिवस मी तिच्यापुढें मोठ्यानें वाचीत असें आणि ती मला थांबवून थांबवून सुधारीत असे. इतकी कडक शिक्षिका मी स्वतः कधीं नव्हतें.

मीं तिच्यासाठीं एक पुस्तक मुद्दाम मिळवून ठेविलें होतें: 'कलिला ए दिम्ना', मुलांसाठीं आजच्या सोप्या स्पॅनिशमध्यें केलेलें. करटक आणि दमनक हे आपले कोल्हे पहलवींतून अरबींत गेले आणि १२५१ सालीं, पुढें राजा झालेल्या आल्फोन्सोच्या आज्ञेनें, कॅस्टिलच्या भाषेंत उतरले. तेच हे कलिला आणि दिम्ना. दुपारीं ओसरीवर नात मोठ्यानें वाचूं लागली आणि मी वाक्यावाक्यास मराठी सांगूं लागलें. माकड अंजिराच्या झाडावर बसलें आहे. खालीं पाण्यांत एक कांसव आहे. माकड त्यास अंजिरें टाकतें. दोघांची मैत्री जमते. कांसवाच्या बायकोस माकडाचें काळीज हवें आहे...

सासूबाईंनीं जपमाळ खालीं ठेविली.

"कांसव नव्हे, मगर!" त्या म्हणाल्या. "आणि अंजिराचं झाड कुठून आलं? जांभळीचं. सांग तिला."

मीं सांगितलें. पोरीनें पुस्तकांतील चित्रावर बोट ठेवून पणजीस कांसव दाखविलें आणि ठामपणें मान हालविली. संध्याकाळपर्यंत दोघींचा तो वाद चालला होता, आणि मध्यें बसून माझा घसा कोरडा पडला होता.