अर्धशिशी आणि नाकातले दोन थेंब



कोकणात आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणत. आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. तेव्हा तेलावरचा आपला विश्वास जुनाच. पण गेल्या महिन्यात दुबईला मुलाकडे राहणाऱ्या ७२ वर्षांच्या एका बहिणीचा फोन आला. “ताई, तीन आठवडे उजवं कानशील ठणकतंय, अर्धशिशीच असणार. सून नस्याला नेते म्हणते. जाऊ का?”

नस्य हे पंचकर्मांपैकी एक. चेहऱ्याला व मानेला तेल चोळून शेक देतात. मग उताणे निजवून, डोके किंचित खाली ठेवून कोमट औषधी तेलाचे थेंब नाकपुड्यांत सोडतात. घशात उतरलेले तेल थुंकून गुळण्या करायच्या. यासाठी वापरतात ते अणुतेल तिळाच्या तेलातच सिद्ध करतात. अर्धशिशीवर चरकसंहितेत नस्य सांगितले आहे, आणि काहींना त्याने आराम पडतो.

मात्र ८० वर्षांपुढे नस्य देऊ नये, असे वाग्भटांनीच लिहिले आहे; दोन थेंबांचे प्रतिमर्श नस्य तेवढे कोणत्याही वयात चालते. सर्दी-तापात किंवा जेवल्यावर लगेच नस्य घेऊ नये. गिळताना ठसका लागत असेल तर मुळीच नको, कारण तेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

मी बहिणीला विचारले, “चावताना जबडा दुखतो? विंचरताना डोकं हुळहुळतं?” दोन्हीला ‘हो’ आले. म्हटले, “नस्य राहू दे. आजच डॉक्टर गाठ.”

अर्धशिशी बहुधा तरुणपणी सुरू होते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असे दुखू लागले, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. वेळेवर स्टिरॉइड मिळाले नाही तर दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली सहसा परत येत नाही. ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्यांतून संशय बळावतो. बहिणीला तेच निघाले. औषध त्याच दिवशी सुरू झाले, डोळे वाचले.

जुनी, तपासलेली अर्धशिशी असेल तर नस्य जरूर करून पाहा, पण परवानाधारक वैद्यांकडेच. दुबईत हा परवाना दुबई हेल्थ ऑथॉरिटी देते, अबू धाबीत तिथला आरोग्य विभाग. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. डोके एकाएकी असह्य दुखले, तोंड वाकडे झाले किंवा बोबडी वळली, तर तिथे ९९८ वर रुग्णवाहिका बोलवा.

तेल घरात आहेच, ते कुठे जात नाही. आधी दुखणे ओळखा.